सँट्रोचा टायमिंग बेल्ट घरी बदलायचाय, पण आधी इंजिन का थरथरतंय ते कसं शोधू?

अमळनेर_सँट्रो

राम राम मंडळी.

गाडी सँट्रो झिंग, पेट्रोल, १.१ लिटर, २००९ चं मॉडेल. मीटरवर ८१ हजार किलोमीटर. गाडी जुनी घेतलेली आहे, बेल्ट कधी बदलला याची कुठेच नोंद नाही.

सकाळी सेल्फ एका दमात लागतो, पण गाडी उभी असली की इंजिन थरथरतं. पिकअप कमी झालाय. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरवरच ओढावी लागते, एसी लावला तर तिथेही दम तोडते. पेट्रोल जास्त लागतंय. धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही, पाणी कमी होत नाही. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट) पुलीच्या मागे खालच्या कव्हरच्या कडेला तेलकट थर धरलाय आणि त्यावर काळी धूळ बसलीय.

पाने, गोट्यांचा सेट, टॉर्क रेंच, जॅक आणि दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) घरी आहेत. ब्रेक, क्लच केबल, रेडिएटर ही कामं मी स्वतः करतो. टायमिंगला मात्र अजून हात लावलेला नाही.

विचारायचं हे:
१. थरथर आणि कमी पिकअप बेल्टमुळे असू शकतो का?
२. बेल्टसोबत आणखी काय काय आणून ठेवू?
३. या इंजिनला लॉकिंग टूल (शाफ्ट जागेवर अडकवून ठेवायचं हत्यार) लागतं का? नसेल तर खुणा कशा जुळवायच्या?

---

धुळे_मिस्त्री

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या, बाकीचं काम त्यावर अवलंबून आहे.

बेल्ट जुना झाला म्हणून गाडीची ताकद हळूहळू कमी होत नाही. दात आपल्या जागी आहेत तोवर जुना बेल्टही नव्यासारखंच टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि वॉल्व्हच्या हालचालींचा मेळ, देतो. बिघडतं ते दोनच प्रकारे. एक तर बेल्ट तुटतो किंवा त्याचे दात सोलले जातात, मग गाडी जागेवर बंद. नाहीतर ढिला पडून एखादा दात उडी मारतो, मग गाडी चालते पण ओढत नाही. तुमच्या लक्षणांत दुसरा प्रकार बसतो. पण हीच लक्षणं प्लग, कॉईलच्या वायरी, घाण थ्रॉटल बॉडी आणि हवा खाणारा व्हॅक्यूम पाइपही देतात. म्हणून उघडण्याआधी तपासा. नवा बेल्ट टाकूनही थरथर तशीच राहिली तर दोष जुना होता की तुमच्या हातून खूण चुकली, हे कळणारच नाही.

स्वस्तातून महागाकडे जा.

चारही प्लग काढून ओळीने मांडा. एक काळा आणि तीन तपकिरी असतील तर दोष त्या एका सिलिंडरचा. चारही सारखे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक: हवा, पेट्रोल किंवा टायमिंग. गॅप १.० ते १.१ मिलिमीटर ठेवा.

रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचल्या तर वायरी गेल्या. हात लावू नका, हजारो व्होल्ट असतात.

मग चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. जो काढल्यावर थरथर वाढत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. कनेक्टरच काढा, प्लगची वायर उपटून बघायची जुनी सवय कॉईल जाळते.

थ्रॉटल बॉडीच्या पाकळीमागे काळा थर असेल तर थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. इनटेकच्या रबरी पाइपांना घडी पडते तिथे बारीक चिरा असतात, पाइप वाकवून बघितल्याशिवाय त्या दिसत नाहीत. कापूस किंवा धान्य साठवलेल्या घराजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का तेही बघून घ्या. आपल्याकडे हे फार होतं.

एवढं झालं की कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते गेजने मोजा. इंजिन कोमट, चारही प्लग बाहेर, कॉईलचा कनेक्टर काढलेला, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, हे विसरलात तर आकडे खोटे येतात. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके द्या आणि आकडा लिहून ठेवा. मग प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या.

वाचायचं असं:

एकच सिलिंडर कमी आणि तेल टाकल्यावर चढला: रिंगा. तेल टाकूनही चढला नाही: वॉल्व्ह.
शेजारचे दोन कमी: हेड गॅसकेट त्या दोघांच्या मधे गेलंय.
चारही सारखेच कमी आणि तेलानेही फारसा फरक नाही: टायमिंग उशिरा आहे. इनटेक वॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर येताना भरलेली हवा काही प्रमाणात परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते.

चांगल्या अवस्थेतल्या अशा इंजिनला १६० ते १८० पीएसआय यायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांमधला फरक १०–१५ टक्क्यांच्या आत हवा. व्हॅक्यूम गेज (इनटेकमधला ओढा मोजणारा) मिळाला तर उत्तमच. उभ्या गाडीत काटा १८–२० इंचांवर स्थिर असेल तर ठीक. स्थिर आहे पण १२–१४ वर बसलाय तर टायमिंगचाच संशय धरा. काटा ठराविक तालाने खाली झटके घेतोय तर वॉल्व्ह.

आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू. तोवर गाडी घाटात नेऊ नका. या इंजिनात दात जास्त सरकले तर पिस्टन वॉल्व्हला लागतो आणि हेड उतरवायची वेळ येते.

---

जळगाव_स्पेअर

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

नुसता बेल्ट घेऊ नका. सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), त्याची स्प्रिंग, क्रँकचं पुढचं ऑइल सील, कॅमचं (वॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचं) ऑइल सील आणि बाहेरचे ड्राइव्ह बेल्ट घ्या. बेल्टपर्यंत पोचायला जी मेहनत लागते तीच सील बदलायला लागते, आणि सीलची किंमत त्या मेहनतीपुढे काहीच नाही. तुमच्याकडे तेलकट थर दिसतोय म्हणजे सील नक्की आणा. तेलाने बेल्टचं रबर फुगतं, दात मऊ पडतात आणि मुळापासून सोलून निघतात. तेल लागलेला बेल्ट पुसून परत लावायचा नसतो, तो नवा असला तरी.

सँट्रोचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत नाही, बाहेरच्या बेल्टवर चालतो. त्यामुळे पंप बदलायची सक्ती नाही. पण त्याची पुली कव्हर काढताना निघतेच, तेव्हा शाफ्ट हाताने हलवून बघा. खेळ असेल किंवा पंपाखालच्या बारीक छिद्रातून पाण्याचा पांढरा ओघळ आला असेल तर याच वेळी बदला. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलेल्या गाड्यांचे पंप लवकर जातात. क्षार सीलच्या तोंडावर बसतात आणि ते घासून टाकतात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरा.

माल ओळखायचा कसा? ह्युंदाईचा मूळ माल मोबिसच्या पाकिटात येतो. बाहेरच्यांत गेट्स, कॉन्टिनेंटल हे चालतात. बेल्टच्या पाठीवरची छपाई नखाने खरडून बघा, डुप्लिकेटची सुटते. दातांवरचं कापड एकसारखं घट्ट बसलेलं हवं, धागे लोंबणारे नकोत. जुन्या बेल्टचे दात मोजा आणि नव्याचे मोजा, रुंदीही ताडून बघा. दुकानदाराने "हाच बसतो" म्हटलं तरी मोजाच. घडी घालून रबरबँड लावून ठेवलेला बेल्ट घेऊ नका. आतले तंतू काचेच्या धाग्यांचे असतात, अरुंद घडी पडली की तिथे तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि काही महिन्यांनी बेल्ट तिथेच तुटतो.

टेन्शनर हातात घेऊन फिरवा. नवा बेअरिंग ग्रीसमुळे थोडा जड आणि शांत फिरतो. हलकासा झटका दिल्यावर भिरभिर फिरत राहिला तर आतलं ग्रीस सुकलंय, परत करा.

एक गोष्ट जाताजाता. बरेच जण गाडीत बेल्ट आहे की चेन हे न बघताच विचारायला येतात. आय-टेन १.१ ला बेल्ट, आय-टेन १.२ कप्पाला चेन. जुनी वॅगन-आर १.१ आणि स्विफ्ट १.३ पेट्रोल यांना बेल्ट. के-सिरीज इंजिनवाल्या वॅगन-आर १.०, अल्टो के-टेन आणि स्विफ्ट १.२ यांना चेन. स्विफ्ट डिझेललाही चेन. डस्टर १.५ डिझेलला बेल्ट. आधी हे बघा.

---

अमळनेर_सँट्रो

दोघांचे आभार. आकडे असे आले.

कोरडे: १३२, १२८, १३०, १३०.
तेल टाकून: १३८, १३३, १३६, १३५.

प्लग चारही सारखेच, थोडे काळपट. वायरींना ठिणगी नाही. इंजेक्टर एकेक काढला तर प्रत्येक वेळी थरथर सारखीच वाढते. थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक नगण्य. व्हॅक्यूम गेज मिळाला, काटा १३ च्या आसपास स्थिर.

म्हणजे टायमिंगच ना? आता वरचं कव्हर काढून बघू का?

---

धुळे_मिस्त्री

हो. चौघांचा आकडा सारखा, तेलाने पाच-सहाच चढतोय, काटा स्थिर पण खाली. एक दात सरकलेला असणार. क्रँकच्या पुलीला वीस-बावीस दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे सोळा ते अठरा अंश. एवढ्याने इंजिन चालतं, पण खालच्या फेऱ्यांत दम राहत नाही. घाटात तुम्हाला तेच दिसलं.

आता काम सांगतो. लॉकिंग टूल लागत नाही. एकच कॅम आहे, खुणा नीट लावल्या की पुरतं. टॉर्कचे आकडे देतोय, तरी सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा अंतिम धरा.

उघडणे. इंजिन पूर्ण थंड हवं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बोनेटखाली हात घालवत नाही, पहाटे काम काढा किंवा रात्रभर गाडी सावलीत ठेवा. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. टायमिंगच्या बाजूचं पुढचं चाक काढा, घोडी लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालू नका. आतलं प्लास्टिकचं कव्हर काढा, मग बाहेरचे सगळे बेल्ट ढिले करून उतरवा. वॉटर पंपाची पुली आडवी येते, तिचे बोल्ट बाहेरचा बेल्ट ताणलेला असतानाच सैल करून ठेवा, नंतर पुली नुसतीच फिरत राहते.

क्रँकचा बोल्ट. घरी काम करणारे इथेच अडकतात. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाका, एकाला आत बसवून ब्रेक घट्ट दाबायला लावा, सहा कोनांची गोटी आणि लांब पाइप घेऊन जोर लावा. बारा कोनांची गोटी घसरून बोल्टचं डोकं गोल करते. पान्याची मूठ जमिनीला टेकवून सेल्फ मारायचा प्रकार करू नका, पाना उडून माणूस जखमी होतो. बोल्ट फक्त सैल करा, पूर्ण काढू नका. खुणा लावायला क्रँक त्याच बोल्टने फिरवायचाय.

इंजिन माउंट. ऑइल संपखाली (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याखाली) जाड लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनला हलका आधार द्या. संप पत्र्याचा आहे, फळीशिवाय जॅक लावला तर चेपतो आणि आतल्या ऑइलच्या जाळीला टेकतो. आधार मिळाल्यावर टायमिंगच्या बाजूचं माउंट सोडा, वरचं कव्हर काढा.

खुणा. चारही प्लग बाहेर ठेवा, क्रँक हलका फिरतो. फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. उलट फिरवलं की टेन्शनरची ढिली बाजू ताणली जाते आणि ताठ बाजूला झोल येतो, तिथे आणखी एक दात उडू शकतो. क्रँक पुलीवरची खाच कव्हरवरच्या टी खुणेसमोर आणा आणि कॅम पुलीची खूण हेडवरच्या खुणेशी ताडा. कॅमची खूण अगदी विरुद्ध बाजूला दिसली तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. कॅम दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो.

इथे थांबून फोटो काढा. खाच टीवर असताना कॅमची खूण किती दात मागे आहे तेही मोजून ठेवा.

पहिल्या प्लगच्या भोकात लांब स्क्रू ड्रायव्हर सोडून पिस्टन खरंच वर आलाय ना ते बघा. काही पुल्यांची बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते, रबर सुटलं की रिंग सरकते आणि टीची खूण खोटं सांगते. भरवसा आतल्या दातांच्या पुलीवरच्या आणि ऑइल पंपाच्या अंगावरच्या खुणेवर ठेवा. मोठी पुली आणि खालचं कव्हर काढल्यावर ती दिसते.

काढणे आणि तपासणे. टेन्शनरचा लांबट खाचेतला बोल्ट आणि बिजागरीचा बोल्ट ढिले करा, टेन्शनर मागे ढकलून तात्पुरता घट्ट करा, बेल्ट उतरवा. आता कॅम किंवा क्रँक वेगळा फिरवायचा नाही. फक्त तुमचा कॅम एक दात मागे असेल तर तेवढाच पुढे घेऊन खुणेवर आणा, तोही हळू, पान्याने.

क्रँकवरची दातांची पुली ओढून काढा आणि तिची चावी (पुलीला शाफ्टवर अडकवणारा छोटा लोखंडी तुकडा) बघा. चावी किंवा तिची खाच झिजलेली असेल तर पुली शाफ्टवर हलते आणि टायमिंग आपोआप सरकत राहतं. क्रँकचा बोल्ट कधी ढिला राहिला असेल तर हमखास असं होतं. चावी झिजली असेल तर नुसता बेल्ट बदलून काही उपयोग नाही.

सील. जुनं सील काढताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळा. शाफ्टवर एक ओरखडा पडला तर नवं सीलही गळतं. नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑइल लावा, बाहेरच्या व्यासाएवढी गोटी किंवा पाइपचा तुकडा टेकवून चहूबाजूंनी सारखं हलकं ठोका. जुनं जेवढं आत होतं तेवढंच. तिरकं बसलं की गळालंच समजा.

नवा बेल्ट. हात धुऊन, कोरडे करून घ्या. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेकडे. आधी क्रँकवर चढवा, मग ताठ बाजू अजिबात झोल न ठेवता वर घेऊन कॅमवर, सगळ्यात शेवटी टेन्शनरवर. सगळा झोल टेन्शनरच्या बाजूला यायला हवा. ताठ बाजूला अर्धा दात झोल राहिला की फिरवल्यावर तोच एक दाताची चूक होतो.

आता टेन्शनरचे दोन्ही बोल्ट ढिले सोडा, स्प्रिंग आपल्या जोराने दाबेल. हाताने जास्तीचा दाब देऊ नका. क्रँक हळू फिरवून कॅम पुली दोन दात पुढे जाऊ द्या, म्हणजे ताठ बाजू खरी ताणली जाते. मग आधी लांबट खाचेतला बोल्ट, नंतर बिजागरीचा. उलट केलं तर बिजागरीचा बोल्ट आवळताना टेन्शनरही त्याच्याबरोबर फिरतो आणि बेल्ट नको इतका ताणला जातो. दोन्हींना २० ते २७ न्यूटन-मीटर.

हाताने दोन फेरे. मोठी पुली तात्पुरती लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मधेच कडक अडलं तर जोर करू नका, वॉल्व्ह पिस्टनला लागतोय. मागे येऊन खुणा परत बघा. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. "अर्ध्या दाताचाच फरक दिसतोय" असं काही नसतं. तसं दिसलं तर डोळा खुणेच्या समोर नेऊन बघा, वरून तिरकं बघितलं की फसगत होते. हे दोन फेरे झाल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही.

क्रँकचा बोल्ट १४० ते १५० न्यूटन-मीटर. आटे स्वच्छ हवेत. कव्हरची रबरी पट्टी जुनी असली तरी बसवाच. आपल्या काळ्या मातीची धूळ आत गेली की बेल्टचे दात आणि पुली घासून काढते.

---

अमळनेर_सँट्रो

कव्हर उघडलं. खाच टीवर असताना कॅमची खूण बरोबर एक दात मागे. टेन्शनर हाताने फिरवला तर खरखर करतो. बेल्टच्या खालच्या भागाला तेल लागून तो चमकतोय, तीन दातांच्या मुळाशी बारीक चिरा आहेत. क्रँकची चावी ठीक, खाचही चौरस आहे. कॅमचं सील कोरडं, क्रँकचं ओलं.

---

जळगाव_स्पेअर

वेळेत उघडलंत. मुळाशी चिरा पडलेले दात सोलायला एक थंड सकाळ आणि एक जोराचा सेल्फ पुरे झाला असता. कॅमचं सील कोरडं असलं तरी बदला. त्याचं वय क्रँकच्या सीलएवढंच आहे आणि ते गळलं तर तेल थेट नव्या बेल्टवर.

---

शिरपूर_डिझेल

धागा चांगला चाललाय म्हणून डिझेलवाल्यांसाठी थोडं. हीच पद्धत इंडिका १.४ डिझेलवर वापरू नका. तिथे बेल्टवर कॅमसोबत फ्युएल पंपही चालतो, म्हणजे दोनऐवजी तीन खुणा. पंप एक दात सरकला तर वॉल्व्ह वाचतात पण गाडी पांढरा धूर सोडते, थंडीत लागत नाही किंवा ठोकायला लागते. लॉक पिन मिळत नसेल तर ते काम माहीतगाराकडेच द्या. डस्टरसारख्या गाड्यांत तर क्रँक आणि कॅम दोन्ही पिनांनी अडकवायचे असतात, पांढऱ्या पेंटच्या खुणांवर भागत नाही.

आणि रस्त्यात अचानक बंद पडलेल्या गाडीबद्दल. सेल्फ मारल्यावर नेहमीचा दम खाल्ल्यासारखा आवाज न येता इंजिन एकसारखं भरभर फिरलं तर बेल्ट गेल्याचा संशय घ्या. ऑइल भरायचं झाकण उघडा, आत टॉर्च मारा आणि दुसऱ्याला एकदाच, क्षणभर सेल्फ मारायला सांगा. आतला कॅम किंवा रॉकर हलला नाही तर बेल्ट तुटला. त्यानंतर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का मारून तर मुळीच नाही. प्रत्येक फेऱ्याला आणखी वॉल्व्ह वाकतात. शिरपूर–सेंधवा रस्त्यावर बिजासन घाटात गाडी बंद पडली की चार माणसं जमून धक्का द्यायला लागतात, त्यांना थांबवा आणि टो करून न्या.

रॉकर हलतोय, तरी लागत नाही, मग स्पार्क आणि पेट्रोल बघा. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद आवाज येतो का? येत नसेल तर फ्यूज, रिले. येत असेल तर प्लग काढून ओले आहेत का बघा. ओले आणि स्पार्क नाही तर क्रँक सेन्सर किंवा कॉईल. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप लागते, हे क्रँक सेन्सरचं नेहमीचं लक्षण. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात तो हिवाळ्यापेक्षा जास्त सतावतो. स्कॅनर लागणाऱ्या गाडीत पी०३३५ हा दोषाचा कोड आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅम सेन्सरचं. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. तो आला तर सेन्सर बदलायच्या आधी बेल्टच्या किंवा चेनच्या खुणा बघा.

---

अमळनेर_सँट्रो

काम झालं. बेल्ट, टेन्शनर, स्प्रिंग, दोन्ही सील नवे. दोन फेऱ्यांनंतर खुणा जुळल्या. कॉम्प्रेशन आता १७०, १६८, १७२, १७०. व्हॅक्यूम १९. थरथर गेली, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढतेय.

एक शंका उरलीय. इंजिन चालू असताना टायमिंगच्या बाजूने बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. रेस वाढवली की तोही वाढतो. बाहेरचे बेल्ट उतरवून क्षणभर चालवून बघितलं, आवाज तसाच.

---

धुळे_मिस्त्री

बाहेरचे बेल्ट काढून बघितलंत हे बरोबर केलंत. आता उरतो टायमिंग बेल्टच. तो जास्त ताणला गेलाय. असाच चालवला तर टेन्शनरचा बेअरिंग आणि कॅमचा पुढचा जर्नल (शाफ्ट टेकून फिरतो तो भाग) घासतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर वरचं कव्हर काढा. ताठ बाजू मधोमध बोटाने साधारण पाच किलोच्या जोराने दाबा. थोडीशी दबली पाहिजे. तारेसारखी कडक लागत असेल तर टेन्शनरचे दोन्ही बोल्ट पुन्हा ढिले करा, स्प्रिंगला तिच्या जोराने बसू द्या, कॅमचे दोन दात पुढे, आधी खाचेचा बोल्ट, मग बिजागरीचा. त्यानंतर हाताने दोन फेरे आणि खुणा पुन्हा. बेल्ट उतरवायची गरज नाही, पण ढिला असताना क्रँक उलट फिरवू नका.

कव्हर बेल्टला कुठे घासत नाही ना तेही बघा. खालच्या कव्हरचा एखादा बोल्ट राहिला किंवा रबरी पट्टी दुमडली तर असाच आवाज येतो, आणि बेल्टच्या कडेला काळी भुकटी दिसते. भुकटी असेल तर आधी कव्हर नीट बसवा.

---

अमळनेर_सँट्रो

कडकच लागत होता. पुन्हा ताण लावला, खुणा जुळल्या, शिट्टी गेली. भुकटी नव्हती. पुढचा बेल्ट किती किलोमीटरला धरू?

---

जळगाव_स्पेअर

गाडीच्या पुस्तिकेतला आकडा ही वरची मर्यादा. आपल्याकडची ऊन-धूळ आणि गावातलं थांबत-थांबत चालणं बघता मी ६० हजार किलोमीटर किंवा ५ वर्षं सांगतो, दोन्हींत जे आधी येईल ते. गाडी कमी चालली तरी रबर वयाने कडक होतंच. आज मीटरवर किती आहे आणि तारीख काय, ते जाड मार्करने वरच्या कव्हरवर लिहा. वहीतली नोंद गाडी विकली की वहीबरोबर जाते. ५०० किलोमीटरनंतर क्रँक पुलीच्या मागे टॉर्च मारून नव्या सीलभोवती ओल आहे का बघा. जुना तेलकट थर डिझेलच्या बोळ्याने आत्ताच पुसून काढा, म्हणजे नवी गळती असेल तर लगेच दिसेल. बोळा पिळून घ्या, डिझेल कव्हरच्या आत बेल्टवर जाता कामा नये.